ऑस्ट्रेलिया एवढा मोठा, मग सगळे कडेकडेनेच का राहतात?

कृष्णाकाठचा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

झालं असं की भाच्याचं ऑस्ट्रेलियाचं चाललंय, ४९१ नावाचा व्हिसा आहे, त्यात अट अशी की 'रिजनल' भागातच राहायचं. ताईने ते ऐकल्यापासून धसका घेतलाय, पोरगं कुठल्या वाळवंटात जाऊन पडणार, जेवायला कोण घालणार वगैरे. म्हणून मी रात्री नकाशा उघडून बसलो, आणि भाचा राहिला बाजूला, मलाच वेगळा किडा चावला.

हा देश ७७ लाख चौरस किलोमीटरचा. म्हणजे आपल्यासारखे २५ महाराष्ट्र आत बसतील. आणि माणसं किती, तर पावणेतीन कोटी. आपण २०११ च्या जनगणनेलाच सव्वाअकरा कोटी होतो! बरं तेवढी माणसं तरी पसरून राहावीत ना, तर नाही, सिडनी आणि मेलबर्न मिळूनच एक कोटीच्या वर, मग ब्रिस्बेन, पर्थ, अ‍ॅडलेड, सगळे समुद्राला चिकटून. मधला नकाशा कोरा.

आता भाबडा प्रश्न. पैसा आहे, मशिनरी आहे, जमीन तर विचारूच नका. मग पाणी आत नेऊन शहरं का वसवत नाहीत? आपण राजस्थानात कालवा नेलाच की. यांच्या सरकारला काय धाड भरलीय, की मुद्दामच लोक नकोत त्यांना? आणि वर उत्तरेला डार्विनला म्हणे आपल्यासारखाच पावसाळा असतो, मग निदान तिथं तरी गर्दी का नाही?

जाणकारांनी उजेड पाडावा.

माणदेशी_मेलबर्नकर

आधी ताईंना फोन लावा आणि शांत करा. व्हिसाच्या भाषेत रिजनल म्हणजे सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही तीन थोरली शहरं सोडून उरलेला सगळा देश. अ‍ॅडलेड रिजनल, कॅनबेरा रिजनल, होबार्ट, जिलाँग, न्यूकॅसल रिजनल, आणि २०१९ च्या नोव्हेंबरपासून पर्थ आणि गोल्ड कोस्ट पण रिजनलच. पर्थ वीस लाखांच्या वरचं शहर आहे हो, तिथं इडली पण मिळते आणि कांदेपोह्याचे पोहे पण. म्हणजे गंमत बघा, सरकारने लोक पसरावेत म्हणून योजना काढली तरी बहुतेक पोरं जाऊन राहतात ती किनाऱ्यावरच्याच पुढच्या शहरात. तीन वर्षं नीट नोकरी करून टॅक्स भरला की १९१ म्हणजे पीआरचा (तिथं कायमचं राहण्याच्या परवानगीचा) अर्ज टाकता येतो. नियम सारखे बदलतात, त्यामुळे एजंट काय म्हणतो ते ऐकून सोडून द्या आणि सरकारी साईट वाचा.

आता पाण्याचं. मी मूळचा दहिवडीकडचा, टँकरच्या रांगेत वाढलो, त्यामुळे इथं आल्यावर मला पण तुमच्यासारखंच वाटायचं की आपण पाचशे मिलिमीटर पावसात ज्वारी काढतो तर यांना काय अवघड आहे. पण आमच्याकडचा पाऊस कमी असला तरी त्याचा महिना साधारण ठरलेला, मृग नाही तर परतीचा तरी, माणूस त्या हिशोबाने पेरतो. इथं मधोमध अ‍ॅलिस स्प्रिंग्ज म्हणून गाव आहे, तिथं वर्षाची सरासरी २८० मिलिमीटरच्या आसपास आहे, पण त्या सरासरीवर कोणी पेरणी करत नाही, कारण एखाद्या वर्षी त्याच्या दुप्पट अडीचपट कोसळतो आणि एखाद्या वर्षी शंभर मिलिमीटरसुद्धा होत नाही, आणि हे कुठल्या महिन्यात होईल त्याचा नेम नाही. एल निन्यो आपल्याला जसा छळतो त्याच्यापेक्षा यांना जास्त छळतो. वर ऊन असं की उघड्यावर ठेवलेलं पाणी वर्षाला तीन मीटरच्या आसपास उडून जातं. म्हणजे पडणार पाव मीटर आणि उडणार तीन मीटर. धरण बांधून भरणार कशाने आणि राखणार कसं.

अ‍ॅलिस स्प्रिंग्जला टॉड नावाची नदी आहे. नदी म्हणजे वाळू. तिच्यात दरवर्षी नावांची शर्यत भरते, बिनतळाच्या नावा कमरेला धरून लोक वाळूतून पळतात. १९९३ साली ती शर्यत रद्द करावी लागली, का तर नदीला पाणी आलं 😄

बिनकामाचा_बबन

बिनतळाच्या नावा 🤣🤣 आमच्याकडे पण सीना नदीत हे करता येईल, कोणीतरी मनावर घ्या

प्राजक्ता_अ‍ॅडलेड

माणदेशींनी नेम नसलेला पाऊस म्हटलं ना, त्यावरच आमच्या राज्याची एक जबरदस्त गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१८६५ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात मोठा दुष्काळ पडला होता. तेव्हाचे सर्व्हेअर जनरल जॉर्ज गॉयडर, यांना सरकारने सांगितलं की दुष्काळ नेमका कुठपर्यंत आहे बघून या. हा माणूस घोड्यावरून हिंडला आणि नकाशावर एक रेषा मारून आला. रेषेच्या दक्षिणेला गहू पेरा, उत्तरेला पेरू नका, तिकडे फक्त गुरंमेंढरं चारा. त्याच्याकडे पावसाच्या नोंदी फारशा नव्हत्याच, त्याने बघितली ती झुडपं. सॉल्टबुश नावाचं खुरटं राखाडी झुडूप कुठून सुरू होतं ते धरून रेषा काढली, आणि ती आजच्या हिशोबाने साधारण २५० ते ३०० मिलिमीटर पावसाच्या रेषेवर बसते.

मग झालं काय, १८७० च्या दशकात लागोपाठ चांगले पाऊस झाले. लोक म्हणायला लागले गॉयडरला काय कळतंय. तेव्हा एक समजूतच पसरली होती की नांगर जिथं जाईल तिथं मागून पाऊस येतो, जमीन कसली की हवा बदलते. सरकारनेही रेषेची अट काढून टाकली आणि शेतकरी कुटुंबंच्या कुटुंबं उत्तरेला गेली, दगडी घरं बांधली, गावं आखली, बँकांनी पैसे दिले. फरीना नावाचं गाव गव्हाचं कोठार होणार म्हणून आखलं होतं. १८८० च्या दशकात पाऊस परत मूळ स्वभावावर आला आणि सगळं बसलं. कर्ज अंगावर, पेरलेलं उगवलं नाही, लोक घरं टाकून खाली आले. क्वॉर्न, हॉकर या भागात गाडीने गेलात की रस्त्याच्या दोन्ही बाजूला बिनछपराच्या दगडी भिंती दिसत राहतात, आजही. आणि त्या सगळ्या रेषेच्या वरच्या बाजूला.

गहू आजही जवळपास त्याच रेषेपर्यंत पेरतात. दीडशे वर्षांत ट्रॅक्टर आले, बियाणी बदलली, सॅटेलाइट आले, रेषा फारशी हलली नाही. उलट हवामान बदलाने ती खाली, समुद्राकडे सरकतेय अशी चर्चा आहे.

अ‍ॅडलेडचा पाऊस पण तसा बेताचाच बरं का, साडेपाचशेच्या आत-बाहेर. पण तो पडतो हिवाळ्यात, थंडीत, त्यामुळे जमिनीत मुरतो आणि टिकतो. आपल्याकडे रब्बीला ओल महत्त्वाची असते, तसंच.

दगडधोंडे

सगळे पावसावरच बोलतायत, मातीवर कोणीच नाही. पाऊस अर्धी गोष्ट आहे.

आपण दख्खनचे लोक लाडावलेले आहोत, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा ओतला गेला, त्याची काळी कसदार जमीन झाली, आणि आपल्याला वाटतं जमीन म्हणजे अशीच असते. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागातले खडक तीनशे कोटी वर्षांचे आहेत. नवे डोंगर नाहीत, खंडाच्या बहुतेक भागात अलीकडचे ज्वालामुखी नाहीत, हिमनद्यांनी खरवडून ताजी माती केली असं उत्तरेकडच्या खंडांसारखं इथं अलीकडे झालेलं नाही. पावसाने धुऊन धुऊन मातीतला फॉस्फरस गेलाय. पाणी दिलं तरी खत ओतल्याशिवाय पीक नाही. आणि जिथं मूळची झाडं तोडून गहू पेरला, पश्चिमेकडच्या गव्हाच्या पट्ट्यात, तिथं खालचं खारं पाणी वर आलं आणि रानं पांढरी पडली. साखर कारखान्याच्या पट्ट्यात पाणी जास्त देऊन जमिनी चोपण झाल्या ते इथल्या लोकांना माहितीच आहे, ऑस्ट्रेलियात कारण उलटं, झाडं पाणी ओढायची बंद झाली.

खंडाच्या मध्य-पूर्व भागाखाली ग्रेट आर्टेशियन बेसिन आहे, १७ लाख चौरस किलोमीटर, जगातल्या सगळ्यात मोठ्या भूजल साठ्यांपैकी एक. मग बोअर मारून शेती का नाही? कारण पाणी गरम येतं आणि सोडियमवालं येतं, गुरं पितात, पिकाला चालत नाही. त्याच्याच जीवावर आतली गुरांची स्टेशनं उभी आहेत. स्टेशन म्हणजे रेल्वेचं नव्हे, गुरांचा फार्म. दक्षिण ऑस्ट्रेलियातलं अ‍ॅना क्रीक स्टेशन एकटं आपल्या पुणे जिल्ह्याएवढं आहे आणि माणसं बोटावर मोजण्याइतकी.

समुद्र आत असेल या आशेवर लोकांनी किती वर्षं काढली ते पण वाचण्यासारखं आहे. चार्ल्स स्टर्ट १८४४ मध्ये खंडाच्या आत शोधायला निघाला तेव्हा बैलगाडीवर चक्क एक होडी घालून घेऊन गेला होता, आतल्या समुद्रात सोडायला. मिळाले वाळूचे डोंगर आणि गोटे. खंडाचा सगळ्यात खोल भाग आयर सरोवर, समुद्रसपाटीच्या १५ मीटर खाली, बहुतेक वर्षं तिथं पांढरं मीठ असतं.

कालव्याचं पण झालेलं आहे. सिडनी हार्बर ब्रिजशी ज्यांचं नाव जोडलंय ते इंजिनिअर ब्रॅडफील्ड, यांनी १९३८ मध्ये योजना मांडली की उत्तर क्वीन्सलँडच्या टली, हर्बर्ट, बर्डेकिन नद्यांचं पाणी डोंगर ओलांडून आत न्यायचं. तेव्हापासून दर निवडणुकीला कोणी ना कोणी ती योजना बाहेर काढतं, अलीकडे सीएसआयआरओ या त्यांच्या सरकारी संशोधन संस्थेने परत हिशोब केला आणि सांगितलं की परवडत नाही. आपल्याकडचा नदीजोड प्रकल्प आठवला असेल तर योग्यच आठवला.

राजस्थानच्या कालव्याशी तुलना नको. तिथं वर हिमालय आहे, बर्फ वितळून बारमाही नद्या येतात. ऑस्ट्रेलियाचा सगळ्यात उंच डोंगर २,२२८ मीटर.

चष्मेबहाद्दूर

एवढं सगळं ठीक आहे पण मूळ कारण कोणीच बोलत नाही, की त्यांनी बाहेरच्यांना येऊच दिलं नाही. १९०१ पासून गोऱ्यांशिवाय कोणी नको असा कायदा होता. चिनी, भारतीय यांना मोकळं सोडलं असतं तर आज तिथं पंधरा वीस कोटी असते आणि मधलं वाळवंट पण हिरवं केलं असतं आपल्या लोकांनी. आपला शेतकरी दगडावर पीक काढतो.

माणदेशी_मेलबर्नकर

@चष्मेबहाद्दूर कायदा होता हे शंभर टक्के खरं आणि तो लाजिरवाणा होता, १९७३ पर्यंत टप्प्याटप्प्याने गेला. पण त्याने माणसं *किती* हे ठरलं, *कुठं* हे नाही ठरलं. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनीच 'माणसं वाढवा नाहीतर संपा' असा नारा दिला, जपानची धास्ती घेतली होती ना, तेव्हा लोकसंख्या ७५ लाखांच्या आसपास होती. मग इटालियन आले, ग्रीक आले, युगोस्लाव्ह आले, नंतर व्हिएतनामी, चिनी, आता आपण. प्रत्येक जण उतरला कुठं? मेलबर्न आणि सिडनी. आपलेच लोक बघा ना, कोण मधे जाऊन राहिलंय. दगडावर पीक काढणारे आपण सगळे इथं आयटीत आहोत, आणि घर घेताना पहिला प्रश्न ट्रेनचं स्टेशन किती मिनिटांवर.

आणि या वादात एक मोठा माणूस भरडला गेलाय. ग्रिफिथ टेलर, सिडनी विद्यापीठाच्या भूगोल विभागाचे पहिले प्रमुख, त्याआधी स्कॉट या इंग्रज संशोधकाबरोबर अंटार्क्टिकाला जाऊन आलेले. १९२० च्या दशकात देशात वारं असं होतं की इथं दहा वीस कोटी लोक सहज मावतील, अमेरिका होणार आपली. टेलर पावसाचे आणि तापमानाचे नकाशे घेऊन म्हणाले की बाबांनो मधला भाग वाळवंट आहे, २००० सालापर्यंत फार तर दोन कोटी होतील. लोक खवळले, वर्तमानपत्रांनी झोडपलं, देशद्रोही म्हणाले, पश्चिम ऑस्ट्रेलियात तर त्यांच्या पाठ्यपुस्तकावर बंदी घातली कारण त्यात त्या राज्याचा मोठा भाग वाळवंट दाखवला होता. शेवटी १९२८ मध्ये ते कंटाळून शिकागोला निघून गेले. २००० साली ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या किती होती? एक कोटी नव्वद लाखांच्या वर.

त्यांची वंशाबद्दलची बाकीची मतं आज वाचवत नाहीत, तो भाग वेगळा.

रुळावरून_घसरलेला

मी रेल्वेवाला माणूस आहे त्यामुळे माझं उत्तर रेल्वेतच असणार, चालवून घ्या.

पाऊस आणि मातीने एवढंच कळतं की लोक किनाऱ्याच्या पट्ट्यात का आहेत. पण त्या पट्ट्यात सुद्धा सगळे एकेकाच शहरात का कोंबलेत? पश्चिम ऑस्ट्रेलियात दहातली जवळपास आठ माणसं पर्थला, दक्षिण ऑस्ट्रेलियात पण तसंच अ‍ॅडलेडला, व्हिक्टोरियात चारातली तीन मेलबर्नला. हिरवागार, पाऊसपाण्याचा भाग सोडून लोक राजधानीत. हे निसर्गाने नाही केलं.

१९०१ च्या आधी ऑस्ट्रेलिया हा देशच नव्हता, सहा वेगवेगळ्या वसाहती होत्या, प्रत्येकीचं स्वतःचं सरकार, स्वतःची जकात, स्वतःचं बंदर. माल म्हणजे लोकर, गहू, सोनं, सगळं जायचं इंग्लंडला. म्हणून प्रत्येकीने रेल्वे टाकली ती आपल्या बंदरापासून आत, हाताच्या बोटांसारखी, शेजारणीला जोडायची म्हणून नव्हे. उलट शेजारणीचा माल आपल्या बंदरात ओढायचा ही ईर्षा. आणि गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर बघा, न्यू साउथ वेल्सचा १४३५ मिलिमीटर, व्हिक्टोरियाचा १६००, क्वीन्सलँडचा १०६७. सिडनीहून मेलबर्नला जाणाऱ्या माणसाला सीमेवर अल्बरीला रात्री-अपरात्री गाडीतून उतरून पलीकडच्या गाडीत बसावं लागायचं. हे थेट १९६२ पर्यंत चाललं! आपल्याकडे मिरजेला मीटरगेज-ब्रॉडगेजची जी धावपळ व्हायची ती ज्यांनी बघितलीय त्यांना कळेल.

आता जिथं रेल्वे एका बंदरातून निघाली तिथं सगळा पैसा, दलाल, बँका, गोदामं, हॉस्पिटलं त्या एका शहरात. क्वीन्सलँडमध्ये मात्र किनारा लांबलचक, म्हणून रॉकहॅम्प्टन, टाउन्सविल, केर्न्स अशा वेगवेगळ्या बंदरांतून वेगवेगळ्या लाइनी आत गेल्या, आणि आजही त्या राज्यात राजधानी ब्रिस्बेनमध्ये निम्मीच माणसं आहेत, बाकीची किनाऱ्याने विखुरलेली. पाऊस सगळीकडे तोच धरला तरी बंदरं किती यावर लोकवस्तीचा आकार बदलला.

@कृष्णाकाठचा, सरकारला नको आहे का विचारलंत. सरकारने प्रयत्न केलेत की. १९७३ च्या सुमाराला पंतप्रधान व्हिटलम यांच्या सरकारने हेच अल्बरी आणि नदीपलीकडचं वोडोंगा धरून एक मोठं आतलं शहर करायचं ठरवलं, २००० पर्यंत तीन लाख लोक असं टार्गेट. जमीन घेतली, ऑफिसं हलवली, महामंडळ काढलं. आज दोन्ही मिळून एक लाखाच्या आसपास. समुद्रापासून आत असलेलं सगळ्यात मोठं शहर कुठलं माहितीय? कॅनबेरा. का, तर राज्यघटनेतच लिहिलं की राजधानी न्यू साउथ वेल्समध्ये पण सिडनीपासून किमान शंभर मैल लांब हवी, सिडनी-मेलबर्नचं भांडण मिटवायला, आणि १९२७ ला संसदच उचलून तिथं नेली. म्हणजे नोकरी नेली तर माणसं जातात. नुसती जमीन आणि घोषणा दिली तर नाही जात. आपल्या एमआयडीसींचे रिकामे प्लॉट हेच सांगतात.

कृष्णाकाठचा

अरे बापरे, एका रात्रीत एवढं! सगळ्यांचे आभार, ताईला वाचून दाखवणार आहे (होडीवाला किस्सा सोडून).

पण डार्विन राहिलं. तिथं तर पाऊस आहे म्हणता. मग?

दगडधोंडे

डार्विनला वर्षाला १७०० मिलिमीटर पडतो, पण नोव्हेंबर ते एप्रिल, उरलेले सहा महिने जवळजवळ ठणठणाट. आपल्याला ओळखीचंच आहे हे. पण लक्षात घ्या, त्याच पाण्यावर, त्याच समुद्राच्या पलीकडे जावा बेट आहे, दीड लाख चौरस किलोमीटरच्या आत पंधरा कोटी माणसं. फरक काय, तर जावाला ज्वालामुखी आहेत, दर काही वर्षांनी फुकट खत पडतं. उत्तर ऑस्ट्रेलियाची माती धुऊन निघालेली.

प्रयत्न तिथंही झाले. १९५० च्या दशकात डार्विनजवळ हम्प्टी डू म्हणून जागा आहे, तिथं भाताचा मोठा प्रकल्प काढला, अमेरिकेतून पैसा आला. पाण्याचं गणित जमेना, खारं पाणी घुसलं, आणि रानटी बदकांचे थवे म्हणजे मॅगपाय गूज, ते पीक फस्त करायचे. पश्चिमेला ऑर्ड नदीवर मोठं धरण झालं, १९७२ साली, लेक आर्गाइल, पाणी अफाट. त्या भागात कापूस लावला, आणि काही वर्षांत कापूस बंद. कशामुळे? बोंडअळी! फवारून फवारून अळी औषधाला दाद देईनाशी झाली. यवतमाळवाल्यांनी हात वर करा. आता तिथं चंदन, भाज्या, आंबा असं काय काय करतात, पण कुनूनुरा हे त्या भागातलं मुख्य गाव पाच-सहा हजार वस्तीचं.

आणि माल विकणार कुठं? डार्विनहून अ‍ॅडलेड रस्त्याने तीन हजार किलोमीटर. जकार्ता सिडनीपेक्षा जवळ आहे. रेल्वे दक्षिणेकडून अ‍ॅलिस स्प्रिंग्जला १९२९ ला पोचली, डार्विनला पोचायला २००४ उजाडलं.

चक्रीवादळ विसरलो, १९७४ च्या ख्रिसमसच्या पहाटे ट्रेसी वादळाने शहर जवळपास सपाट केलं होतं, सत्तेचाळीस हजारांतल्या बहुतेकांना विमानाने आणि गाड्यांनी दक्षिणेला हलवलं, त्यातले बरेच परत आलेच नाहीत.

शुभदा_के

सगळं छान चाललंय पण 'कोरा नकाशा', 'रिकामी जमीन' हे वाचून मला राहवलं नाही. तो भाग रिकामा नव्हता आणि आजही नाही. तिथं किमान पन्नास हजार वर्षांपासून लोक राहतायत. अगदी मधल्या वाळवंटातसुद्धा, कुठल्या खडकाच्या कपारीत पाणी राहतं, कुठल्या पावसानंतर कुठं सरकायचं हे पिढ्यानपिढ्या पाठ असलेले लोक. १७८८ ला इंग्रज आले त्यांनी 'कोणाचीच नाही' असं मानून जमीन घेतली, ते तत्त्व तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ ला माबो खटल्यात मोडीत काढलं.

आणि लोकसंख्येचाच धागा आहे म्हणून सांगते, त्यांच्या राज्यघटनेत कलम १२७ होतं, की देशाची माणसं मोजताना तिथल्या मूळ रहिवाशांना धरायचं नाही. १९६७ ला सार्वमत घेऊन काढलं ते. म्हणजे नकाशा कोरा दिसत होता तो थोडाफार यामुळेही, की जे होते त्यांना मोजलंच जात नव्हतं.

नॉर्दर्न टेरिटरी आपल्या महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठी, माणसं अडीच लाख, पण त्यातली साधारण तीस टक्के मूळ रहिवासी आहेत, आणि तिथली निम्मी जमीन १९७६ च्या कायद्याने त्यांच्या ताब्यात आलेली आहे. त्यामुळे 'सरकार तिथं शहर का नाही वसवत' याचं एक साधं उत्तर, जमीन दुसऱ्यांची आहे, त्यांना विचारावं लागतं.

चष्मेबहाद्दूर

हा मुद्दा पटला. पण मग सोनं लोखंड सगळं आतच सापडतं ना? तिथं तरी खाणींमुळे शहरं व्हायला पाहिजेत. आपल्याकडे जमशेदपूर झालं, भिलाई झालं.

पर्थवाला_अभि

हे माझ्या डिपार्टमेंटचं, मी खाणीच्या लाइनीतच आहे.

एकदा झालंय तसं. कलगुर्लीला १८९३ ला सोनं सापडलं, वाळवंटात, प्यायला पाणी नाही, टायफॉइडने लोक मरत होते. तेव्हा ओ'कॉनर नावाच्या चीफ इंजिनिअरने पर्थजवळच्या धरणातून पाचशे किलोमीटरच्या वर पाइपलाइन टाकली, आठ पंपिंग स्टेशनं, १९०३ ला पाणी पोचलं. पेपरवाल्यांनी आणि पुढाऱ्यांनी त्याच्यावर एवढी राळ उडवली की पाणी पोचायच्या आधीच, १९०२ मध्ये, त्याने आत्महत्या केली. पाइपलाइन आजही चालू आहे. म्हणजे पाणी आत नेता येतं, पण पलीकडच्या टोकाला सोनं पाहिजे. आणि एवढं करून कलगुर्ली आज तीस हजारांच्या आसपास.

लोखंडाचं वेगळं झालं. पिलबारा म्हणून भाग आहे, पर्थच्या उत्तरेला हजार किलोमीटरच्या पुढे. १९६० ला सरकारने लोखंडाच्या निर्यातीवरची बंदी उठवली आणि खाणी सुरू झाल्या, तेव्हा कंपन्यांनी खरोखर गावं बांधली होती, टॉम प्राइस, न्यूमन, घरं, शाळा, पोहण्याचे तलाव सगळं कंपनीचं. जमशेदपूरची छोटी आवृत्ती म्हणा. पण पुढे विमानं स्वस्त झाली आणि १९८६ ला टॅक्सचा नियम असा आला की कामगाराला दिलेल्या घरासारख्या सोयींवर कंपनीला कर. मग कंपन्यांनी हिशोब केला की गाव सांभाळण्यापेक्षा माणूस विमानाने आणलेला बरा. त्याला फायफो म्हणतात, दोन आठवडे तिकडे बारा-बारा तास काम, कॅम्पात खोली, मेसमध्ये जेवण, आणि आठवडाभर घरी. घर पर्थला, नाहीतर थेट ब्रिस्बेनला, काही जण तर बाली बेटावर बिऱ्हाड करून आहेत.

शिवाय खाण आता माणसं मागतच नाही पूर्वीएवढी. लोखंड वाहणाऱ्या अवाढव्य ट्रकांत ड्रायव्हर नसतो, ती चालवणारी टीम पर्थच्या एसी ऑफिसात स्क्रीनसमोर बसते, आगगाड्या पण तशाच. त्यामुळे पिलबारातून देशाला केवढा पैसा येतो आणि तिथं राहतात किती याचा मेळच लागत नाही.

राहायचं म्हटलं तरी परवडत नाही ही दुसरी बाजू. २०१२ च्या सुमाराला तेजी होती तेव्हा पोर्ट हेडलंडला साध्या घराचं भाडं *आठवड्याला* दोन हजार डॉलरच्या वर गेलं होतं, शिक्षक आणि नर्स मिळेनात कारण त्यांचा पगार भाड्यातच जायचा. दोन-तीन वर्षांत लोखंडाचा भाव पडला आणि तीच घरं मातीमोल झाली, कर्ज काढून गुंतवणूक म्हणून घेतलेले लोक अजून रडतायत.

बिनकामाचा_बबन

बाली बेटावर बिऱ्हाड आणि वाळवंटात नोकरी?? अभिभाऊ, व्हेकन्सी असली तर कळवा, मी बिनकामाचाच आहे